मोबाईल, कामधंदा आणि बँकखातं : गोव्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सत्तरी, डिचोली आणि फोंडा भागातल्या महिला मंडळांच्या बैठकांत, स्वयंसाहाय्य गटांत आणि बाजारात बसणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना आम्ही एकच गोष्ट धरून चाललो आहोत : ज्याच्या नावावर खातं आहे त्याला ते स्वतःच्या हाताने चालवता येत नसेल, तर तो माणूस अजून बँकेच्या बाहेरच आहे.

गोव्यात गावोगाव बँका आहेत, घरटी खाती आहेत. मग आर्थिक समावेशन हा आपला प्रश्न कसा?

बँकांच्या शाखा गोव्यात पूर्वीपासूनच भरपूर. आखातात, बोटीवर, पोर्तुगाल-इंग्लंडला गेलेल्यांचा पैसा इथल्या शाखांत येतो, त्यामुळे ठेवीही मोठ्या. त्या ठेवींच्या मानाने इथे कर्ज मात्र फार कमी दिलं जातं. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली आणि ज्यांची राहिली होती त्यांचीही खाती उघडली. राज्य सरकारच्या गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे महिन्याचे १,५०० आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे २,००० रुपये थेट खात्यात जमा होतात. कागदावर सगळं ठीक आहे.

प्रत्यक्षात काय दिसतं? खातं बाईच्या नावावर, त्याला जोडलेला मोबाईल नंबर मुलाचा, एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात आणि पिन सुनेला पाठ. बाईकडे काय, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं पासबुक, तेही वर्षभर न छापलेलं. पूर्वी निदान पैसे काढायला तिलाच काउंटरवर उभं राहावं लागायचं, सही किंवा अंगठा तिचाच लागायचा. व्यवहार मोबाईलवर गेले तसा तिचा तेवढाही संबंध सुटला. मोबाईल ज्याच्या हातात, खातं त्याचं, असं होऊन बसलंय. घरचे वाईट असतात म्हणून हे होतं असं नाही. बहुतेक ठिकाणी 'तुला कशाला त्रास' याच भावनेने होतं. पण परिणाम तोच.

मग सुरुवात कुठून करायची?

स्वतःच्या नंबरापासून. आपल्या नावावरचं सिमकार्ड घ्या, तोच नंबर आधारला आणि बँकेच्या खात्याला जोडा. आधारला जोडलेला मोबाईल नंबर आधार केंद्रावर बदलतो, खात्याला जोडलेला आपल्या शाखेत अर्ज देऊन. दोन्ही कामांना स्वतः जा, मुलाला पाठवू नका. पुढे ओटीपी तुमच्याच फोनवर येईल, जमा-खर्चाचा संदेशही तुम्हालाच येईल. बाकी सगळं यानंतर.

माझा फोन साधा, बटणांचा आहे. इंटरनेट नाही. मला यूपीआय वापरता येईल का?

येईल. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं तेव्हा ते स्मार्टफोनवाल्यांचंच होतं. मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी 'यूपीआय १२३पे' आलं. त्यात ठरलेल्या नंबरावर फोन करायचा, भाषा निवडायची आणि बटणं दाबत जायचं. त्याआधीपासूनची *९९# ची सोयही आहे. हा क्रमांक डायल केला की पडद्यावर यादी उघडते, त्यातून शिल्लक पाहता येते आणि पैसेही पाठवता येतात. इंटरनेट लागत नाही, कॉल लागण्याइतकी रेंज पुरते.

सांगे, सत्तरी, काणकोणच्या डोंगरपट्ट्यात तेवढी रेंजही प्रत्येक वाड्यावर नाही, हे आम्हाला माहीत आहे. २०२० च्या टाळेबंदीत इथली मुलं अभ्यासासाठी टेकड्या चढत होती. ज्या वाड्यावर टॉवर पोचलेला नाही, तिथे रोख रक्कम आणि बँकेची शाखा हाच माणसाचा हक्काचा मार्ग आहे. 'आता सगळं ऑनलाईन करा' असं तिथल्या लोकांना सांगणं अन्यायाचं आहे.

मशीनवर माझा अंगठा उमटत नाही. पैसे कसे काढू?

हा प्रश्न काजूच्या कारखान्यांत काम केलेल्या बायका हमखास विचारतात. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. वर्षानुवर्षं बिया फोडणाऱ्या हाताच्या बोटांची टोकं गुळगुळीत होतात, रेषाच राहत नाहीत. बँकमित्राच्या, म्हणजे गावात बँकेची कामं करणाऱ्या प्रतिनिधीच्या, छोट्या मशीनवर अशी बाई एक बोट लावते, मग दुसरं, मग पदराला पुसून पुन्हा पहिलं, आणि मशीन दर वेळी नकार देतं. रांगेतले लोक बघत असतात. हात कष्टाने झिजले म्हणून स्वतःचेच पैसे मिळू नयेत, याची चीड आलीच पाहिजे.

उपाय आहेत. आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्याने नोंदवून घ्या, आणि मशीनवर दहांपैकी जे बोट सर्वांत चांगलं उमटतं तेच कायम वापरा. चेहऱ्यावरून किंवा डोळ्यांवरून ओळख पटवण्याची सोय आता बऱ्याच ठिकाणी आली आहे, ती आहे का विचारा. काहीच जमलं नाही तर शाखेत पासबुक घेऊन जा. मशीन ओळखत नाही म्हणून बँकेला तुमचे पैसे अडवता येत नाहीत.

एक सावधगिरीही घ्या. 'झालं नाही, परत अंगठा लावा' असं कोणी म्हणालं तर आधी व्यवहार फसल्याची पावती मागा. पहिल्याच वेळी पैसे कापले गेलेले असतात आणि दुसऱ्या अंगठ्याला पुन्हा कापले जातात, ही जुनी फसवणूक आहे. अंगठ्याने पैसे काढायचेच नसतील तर आधारच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं.

बाजारात क्यूआर लावला तर टॅक्सवाले मागे लागतील का?

जुलै २०२५ मध्ये बंगळूरला लहान दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि अनेकांनी क्यूआर काढून टाकले. त्याची धास्ती म्हापशाच्या बाजारापर्यंत पोचली. म्हणून नीट समजून घ्या.

जीएसटीची नोंदणी उलाढालीवर ठरते, क्यूआरवर नाही. फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांच्या वर गेल्यावर ती लागते. ताजी मासळी, ताजी भाजी, नारळ यांवर जीएसटीच नाही. रोख धंदाही त्या हिशेबात धरायचा असतो, त्यामुळे क्यूआर काढून टाकल्याने कायद्याने काहीच बदलत नाही. आयकर तर उलाढालीवर नसून उत्पन्नावर असतो. नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. उलट, अंदाजे नफा दाखवून विवरण भरणाऱ्या लहान व्यापाऱ्याला रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरावा लागतो, तर बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्केच. यूपीआयवर साध्या खात्यातून पैसे घेतले तर दुकानदाराला कमिशनही नाही, ते जानेवारी २०२० पासून शून्य आहे.

घरखर्चाचे, भावाने पाठवलेले, भिशीचे आणि धंद्याचे पैसे एकाच खात्यात घेऊ नका. बंगळूरच्या गोंधळातून शिकण्यासारखं हेच होतं. धंद्याचं खातं वेगळं ठेवलं की कोणी विचारलं तर उत्तर देता येतं.

क्यूआरचा मला फायदा काय? सुटे पैसे शोधावे लागत नाहीत, एवढाच?

सुट्यांचा त्रास वाचतो हे खरंच, पण खरा फायदा नोंदीचा. पणजीच्या बाजारात वीस वर्षं मासळी विकणाऱ्या बाईकडे आपण रोज किती कमावतो याचा एकही कागद नसतो. बँकेच्या लेखी ती काही कमावतच नाही, म्हणून कर्ज मिळत नाही, म्हणून सावकाराकडून दिवसाच्या व्याजाने पैसे घ्यावे लागतात. खात्यात रोजची जमा दिसू लागली की पहिल्यांदा तिच्या कष्टाचा पुरावा तयार होतो.

रस्त्यावर धंदा करणाऱ्यांसाठी पीएम स्वनिधी योजना जून २०२० पासून आहे. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर पहिलं कर्ज १५,००० पर्यंत, ते फेडल्यावर २५,००० आणि मग ५०,००० पर्यंत मिळतं. तारण लागत नाही, वेळेवर हप्ते भरले तर व्याजात ७ टक्क्यांची सवलत मिळते. अर्ज पालिकेतून करायचा.

फक्त गिऱ्हाइकाने दाखवलेला फोटो बघून नुस्ते (मासळी) हातात देऊ नका. आपल्या फोनवर संदेश आला किंवा स्पीकर बोलला, तरच पैसे आले.

माझं खातं अचानक 'होल्ड' झालं. मी तर काहीच केलेलं नाही.

एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाने तुम्हाला दिलेले पैसे फसवणुकीचे निघाले, तर त्या पैशांचा माग काढत पोलीस पुढच्या खात्यांवरही बंधन आणतात. पर्यटकांशी धंदा असणाऱ्यांना हे कधीही होऊ शकतं. बँकेकडून लेखी मागून घ्या : कोणत्या राज्याच्या पोलिसांची तक्रार, तक्रार क्रमांक काय, रक्कम किती. मग त्या दिवशीचं बिल, बुकिंग किंवा मालाचा पुरावा त्या अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा. वादातली रक्कम तेवढी अडवून बाकीचं खातं मोकळं करावं, अशी स्पष्ट मागणी करा.

पैसे गेले तर पहिलं काय करायचं?

सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला, १९३० ला, फोन. रडणं, घरच्यांना सांगणं, शेजाऱ्याला विचारणं, सगळं नंतर. पैसे पहिल्या खात्यातून पुढे सरकायच्या आत अडवले तरच हाती लागतात. त्यानंतर बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, तुमची आणि बँकेची चूक नसताना पैसे गेले आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य धरलं जातं. स्वतःच ओटीपी किंवा पिन सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्ही बाबतींत लवकर कळवण्यातच फायदा आहे. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांची मदतवाहिनी १४४४८ आहे आणि तक्रारीला पैसे लागत नाहीत.

आणि हे पाठ करा : पैसे घ्यायला पिन लागत नाही. कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्टच नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेश घातलेला माणूस पोलीस नसतो.

कॉलेजातल्या मुलाला कोणीतरी खातं 'भाड्याने' मागतंय, महिन्याला काही हजार देतो म्हणतो.

अजिबात नको. ते खातं चोरीचा पैसा फिरवायला लागतं आणि पहिली नोटीस तुमच्या मुलालाच येते. पोरं हे सहज मिळालेला खिशाखर्च समजतात. गुन्हा नोंद झाला की नोकरीचा पोलीस दाखला आणि परदेशी जाण्याचे कागद, सगळंच अडतं.

पिग्मी बंद करून सगळं ॲपवर न्यावं का?

आम्ही पिग्मी बंद करा असं सांगत नाही. रोज दुकानावर येऊन पन्नास-शंभर रुपये नेणारा एजंट हा बाजारातल्या माणसाला बचतीची सवय लावणारा फार जुना आणि चांगला मार्ग आहे. १९२८ पासून ही पद्धत चालू आहे. फक्त एजंट आता मशीनवर नोंद करतो, त्याचा संदेश तुमच्या फोनवर त्याच दिवशी येतो का, ते पाहा.

पैसे ठेवताय ती संस्था बँक आहे की क्रेडिट सोसायटी, हे मात्र विचारा. म्हापसा अर्बनचा परवाना एप्रिल २०२० मध्ये रद्द झाला, मडगाव अर्बनचा जुलै २०२१ मध्ये. त्या बँका होत्या म्हणून ठेवीदारांना ५ लाखांपर्यंतचं विमासंरक्षण होतं. क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला हा विमा नाही. तिथे नावात काय लिहिलंय यावर जाऊ नका.

पाच मिनिटांत कर्ज देणारं ॲप घ्यावं का?

चवथीच्या आधी आणि शाळा सुरू होताना हा प्रश्न वाढतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज तुमच्याच खात्यात यायला हवं, व्याज आणि सगळे आकार सांगणारं पत्रक आधी द्यायला हवं, आणि ॲपला तुमच्या फोनमधले नंबर-फोटो मागता येत नाहीत. ॲप नंबरांची परवानगी मागत असेल तर तिथेच थांबा. पुढे वसुलीसाठी हेच लोक तुमच्या व्याह्यांना फोन करतात. कोणत्या बँकेसाठी किंवा वित्तसंस्थेसाठी ॲप काम करतं ते रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहता येतं. गटातून मिळणारं कर्ज उशिरा मिळतं, पण रात्रीची झोप जात नाही.

टॅक्सीवाल्यांनी ॲपला विरोध करणं चूक आहे का?

आमचं मत विचाराल तर त्यांची भीती खरी आहे. टॅक्सी बोलावायचं गोवामाईल्स ॲप २०१८ मध्ये आलं तेव्हापासून हा वाद धगधगतोय. ज्याने घर गहाण टाकून गाडी घेतली, त्याला आपला दर, आपलं गिऱ्हाईक आणि आपलं नाव तिसऱ्याच्या हातात जाताना दिसतं. दुसरीकडे, भाडं आधी कळावं ही प्रवाशाची मागणीही रास्तच आहे, आणि रात्री मोपा किंवा दाबोळी विमानतळावर उतरणाऱ्या गोंयकारालाही ती हवी आहे. ॲप नको, यावर फार काळ अडून राहता येणार नाही. ॲप कोणाच्या मालकीचं, कमिशन किती, तक्रार कोण ऐकणार, गिऱ्हाइकाने एक तारा दिला म्हणून काम बंद करायचा अधिकार कोणाला, या प्रश्नांवर भांडणं जास्त गरजेचं वाटतं.

जेवण पोचवणारे, भाडी मारणारे यांच्यासाठी एक बदल झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात गिग कामगार हा शब्द कायद्यात आला आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यायची तरतूद झाली. त्याचा लाभ मिळायचा तर नोंद हवी, म्हणून ई-श्रम या कामगारांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर नाव घालून ठेवा. आधार, त्याला जोडलेला स्वतःचा नंबर आणि बँकखात्याचा तपशील जवळ ठेवा.

खाण बंद झाल्यापासून ट्रक उभा आहे. चाळिशीत आता काय शिकू?

२०१२ ला एकदा आणि मार्च २०१८ ला पुन्हा खाणी थांबल्या, तेव्हा सांगे, डिचोली, सत्तरीतली घरंच्या घरं एका रात्रीत बेकार झाली. अशा माणसाला 'कोडिंग शिका' म्हणणं हा सल्ला नाही.

जे येतं त्याच्या शेजारचं शिका. ट्रकचं इंजिन ज्याला कळतं त्याला विजेवरच्या गाड्यांची दुरुस्ती, छतावरच्या सौर पॅनेलची जोडणी, हायड्रॉलिक यंत्रांची देखभाल लवकर जमते. आयटीआयमध्ये यातले बरेच ट्रेड आहेत आणि काही कमी मुदतीचे वर्गही असतात. फर्मागुडी, डिचोली, म्हापसा, होंडा, काकोडा, जवळ जी असेल तिथे स्वतः जाऊन विचारा, कारण दरवर्षी जागा बदलतात.

वेर्णा, कुंडई, पिसुर्लेच्या औषध कारखान्यांत काय बदललं ते बघा. गोळ्या बनवणाऱ्या मशीनसमोर आता पडदा आहे. तापमान, दाब, वेग त्यावर दिसतो, बदल केला तर कोणी आणि किती वाजता केला ते आपोआप नोंदतं, आणि पूर्वी कागदावर हाताने भरायचा बॅचचा तपशील संगणकात भरावा लागतो. ऑपरेटरला त्यासाठी संगणकाची पदवी लागत नाही. पडद्यावरचं इंग्रजी वाचता येणं, स्वतःचा पासवर्ड दुसऱ्याला न देणं आणि चुकीची नोंद लपवायच्या ऐवजी कारण लिहून दुरुस्त करणं, एवढ्यावर माणूस टिकतो किंवा जातो. ही कौशल्यं कोणत्याही जाहिरातीत दिसत नाहीत.

एआयमुळे माझ्या मुलीची ऑफिसातली नोकरी जाईल का?

फक्त टंकलेखन, माहिती भरणं, ठरावीक ईमेलना उत्तरं देणं असं काम असेल तर ते कमी होणार, खोटं कशाला सांगायचं? हिशेब समजणारी, गिऱ्हाइकाशी बोलणारी, यंत्राने दिलेल्या उत्तरातली चूक पकडणारी माणसं लागणारच. तिला टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येत असेल तर जीएसटीची विवरणं भरायला शिकवा. हॉटेलात स्वागतकक्षात असेल तर बुकिंगच्या संकेतस्थळांवरचे दर आणि शेरे सांभाळायला शिकू दे. आणि सरकारी नोकरीची वाट बघत पस्तिशी गाठू देऊ नका. गोव्यातल्या आई-वडिलांना हे कळकळीने सांगावंसं वाटतं.

घर आहे, उत्पन्न आहे, सगळे दाखले ऑनलाईन मिळतात. तरी बँक घराच्या दुरुस्तीला कर्ज देत नाही. का?

घर मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याचं आहे का, ते बघा. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा आता घरबसल्या निघतो हे चांगलंच झालं, पण त्यावर भाटकाराचं (जमीनमालकाचं) नाव असेल तर संगणकावरही तेच नाव येणार. बँकेला तारण म्हणून मालकी लागते. १९७५ च्या मुंडकार कायद्याने घर आणि भोवतालची ठरावीक जागा विकत घ्यायचा हक्क दिला आहे. त्यासाठी मामलेदाराकडे आधी मुंडकार म्हणून नोंद आणि मग खरेदीचा आदेश मिळवावा लागतो. पन्नास वर्षं राहूनही ज्यांनी हे केलं नाही अशी घरं प्रत्येक वाड्यावर आहेत. हा खटला लांबतो, तरी आजच अर्ज घाला. जुना घरपट्टीचा कागद, वीजबिल, मतदारयादीतलं नाव, जे हाती असेल ते जोडा.

जागा आपलीच असेल तर दुसरी अडचण सह्यांची. पोर्तुगीज काळातल्या १८६७ च्या नागरी संहितेतून आलेल्या कायद्यामुळे इथे नवरा-बायकोची मिळकत सहसा दोघांची असते, म्हणून गहाणखतावर दोघांच्याही सह्या लागतात. वारसनोंद राहिली असेल तर सगळ्या भावा-बहिणींच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्याही. एक जण बोटीवर, एक लंडनला, मग काम अडतं. या सह्यांना बायका वैतागतात, पण त्यात त्यांचाच फायदा आहे. बँकेत सही करायला जाल तेव्हा कर्ज किती, व्याज किती, मुदत किती हे आपल्या भाषेत विचारून घ्या आणि कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा.

आमच्या गटाला हे सगळं मराठीतून कुठे शिकता येईल?

गावच्या पंचायतीत येणाऱ्या स्वयंपूर्ण मित्राकडे (पंचायतीसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) गटाच्या नावाने लेखी मागणी करा. बँकेच्या शाखेलाही पत्र द्या, आर्थिक साक्षरतेची शिबिरं घेणं हे त्यांच्या कामातच येतं. शिबिराला प्रत्येकीने स्वतःचा फोन घेऊन यायचं, असं आधीच ठरवा, कारण भिंतीवरचा पडदा बघून कोणालाही काही येत नाही. पहिल्या दिवशी एकच काम घ्या : शेजारी बसलेल्या बाईला एक रुपया पाठवायचा आणि तिने तो परत पाठवायचा. पिन टाकताना सुनेने मध्ये हात घातला तर तिला हळूच बाजूला बसवा.